जिन्याखालची खोली आणि तीन शाखा

४ मार्च, सकाळ
दंतवैद्याची बाबागाडी आज पुन्हा जिन्याखाली. साधीसुधी नाही, जुळ्यांची, दुप्पट रुंद. माझ्या ऑफिसचं दार त्यामुळे अर्धंच उघडतं. पोट आत घेऊन, आडवा होऊन शिरलो. बिल्डिंगच्या अध्यक्षाने असं शिरायचं? माणूस जगाचे दात उपटतो आणि एक गाडी तीन मजले वर नेता येत नाही.

ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. टेबल, खुर्ची, पंखा, रेडिओ, सगळं माझं. घरात मुलगा दिवसभर कॉम्प्युटरपुढे मीटिंगमध्ये. मी घसा खाकरला की सूनबाई दारात येऊन ओठांवर बोट ठेवते. इथे मी मनसोक्त खाकरतो. ही खोली गेली तर मी जाऊ कुठे? सकाळपासून हाच घोर. पण जाईल कशी? अध्यक्ष मीच.

संकल्प: बाबागाडीचा कायमचा बंदोबस्त.

५ मार्च
सकाळी नियम केला, बोर्डावर लावला. दुपारी दंतवैद्याची बाजू ऐकून घेतली. ऐकता ऐकताच दोषी ठरवलं. संध्याकाळी स्वतः गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. एका दिवसात सगळं. मोठमोठ्या कोर्टांनी शिकावं.

कंबर धरली आहे.

७ मार्च
बैठक. चौथ्या मजल्यावरची मास्तरीण उठली. रिटायर झाली तरी नागरिकशास्त्र सुटलेलं नाही. म्हणाली, काका, नियम तुम्हीच करणार, राबवणार तुम्हीच आणि निवाडाही तुमचाच, याला काय म्हणायचं? मी म्हणालो, झटपट कारभार. लोक हसले. कौतुकाने असावेत.

मग तिने शिकवणीच लावली. म्हणे लोकशाहीत सत्तेच्या तीन शाखा. एकीने कायदे करायचे, दुसरीने राबवायचे, तिसरीने न्याय द्यायचा, आणि तिघींनी एकमेकींवर नजर ठेवायची, म्हणजे कोणी डोक्यावर बसत नाही. आपल्याकडेही तसं करू या, म्हणाली. माना डोलल्या. यांच्या माना पंख्याच्या वाऱ्यानेही डोलतात.

बाईला शाखा कळतात, पण शाखा म्हटल्या की हेड ऑफिस आलंच, हे कळत नाही. मोठ्या मनाने होकार दिला.

९ मार्च
नेमणुका मीच सुचवल्या. कायदे करणार सगळ्या घरांची बैठक, अध्यक्ष मी. अंमल करणार तळमजल्यावरचा माझा मेव्हणा. विचारल्याशिवाय शिंकतही नाही. जिन्यातला बल्ब बदलायला महिना लावतो, पण माणूस मुठीतला.

आणि न्याय देणार ही. बायकांना संधी द्यावी, असं मास्तरणीला म्हटलं. खरं कारण असं की संसारात हिने आजवर एकही निर्णय स्वतः घेतलेला नाही. घर कुठलं घ्यायचं, मुलाला कुठली मुलगी करायची, प्रत्येक वेळी हिने मला विचारलं आहे आणि मी हो म्हणालो आहे.

मास्तरीण म्हणाली, न्यायाधीशाला मध्येच काढता येता कामा नये, निदान वर्षभर. मी म्हणालो, वर्ष कशाला, हयातभर. उद्या दंतवैद्याने माणसं फोडून हिला काढलं म्हणजे? ठराव एकमताने पास. मास्तरीण माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. दिपली.

११ मार्च
बैठकीने नियम नव्याने केला. शब्द माझे: सामाईक जागेत कोणीही, कोणत्याही कारणाने, खाजगी वस्तू ठेवू नये. अपवाद नाही.

मेव्हणा कानाशी येऊन म्हणाला, दाजी, जरा सैल ठेवा. घाबरट. सैल ठेवलं की त्या फटीतून दंतवैद्य दोन्ही पोरं ढकलणार. "अपवाद नाही"खाली रेघही मारली.

१४ मार्च
सुनावणी आमच्या बाहेरच्या खोलीत. सुरू होण्याआधी हिला म्हटलं, निकाल कसा लिहायचा ते चहा घेता घेता सांगतो. म्हणाली, अहो, खटला चालू असताना एकाच बाजूशी गुपचूप बोलायचं नसतं. आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. चहा आत, मी बाहेर.

दंतवैद्याची बायको म्हणाली, एक पोर कडेवर, एक खांद्यावर, गाडी काय दातांत धरू? यावर ही हसली. न्यायाधीशाने हसू नये. तरीही काळजी नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

१५ मार्च
निकाल. नियम योग्य, गाडी हलवावी. मी टाळी वाजवली. कोणी साथ दिली नाही.

मग हिने चष्मा पुसला आणि पुढे वाचलं. जिन्याखालची खोलीही सामाईक. तिथलं टेबल, खुर्ची, पंखा, रेडिओ खाजगी. तेही हलवावं.

मी म्हणालो, ते ऑफिस आहे. हिने विचारलं, ऑफिस करायचं ठरवलं कोणी? मी म्हणालो, मी. बैठकीत? नाही, मनात. मग म्हणालो, निदान अपवाद समज. म्हणाली, अपवाद नाही असं तुम्हीच लिहिलंत, खाली रेघही आहे. मी म्हणालो, तुला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. मास्तरीण मागून म्हणाली, हयातभर, काका.

महिनाभर बल्ब न बदलणाऱ्या मेव्हण्याने जेवणाआधी खोली रिकामी केली. फितूर म्हटलं, तर म्हणाला, दाजी, मी तुम्हाला भितोच, पण ताईला लहानपणापासून भितो.

१८ मार्च
बैठकीपुढे दुरुस्ती मांडली: जिन्याखालची खोली अध्यक्षांच्या कामासाठी राखून ठेवावी. यश नक्की होतं. निम्मी बिल्डिंग माझ्या शब्दाबाहेर नाही.

बाजूने मी. मेव्हण्याचा हात अर्धा वर आला, मग त्याच हाताने त्याने कान खाजवला.

पुढची दुरुस्ती दंतवैद्याच्या बायकोची: खोली लहान मुलांच्या गाड्यांसाठी द्यावी, आणि गाडीत मूल असेल तर सोबत एका मोठ्या माणसाला तिथे बसता यावं. पास. हे शेपूट तिला सुचवलं कोणी, देव जाणे. ही कोपऱ्यात खाली मान घालून विणत होती. न्यायाधीशाने बैठकीत बोलायचं नसतं म्हणे.

अडाणी लोक. यांना लोकशाही द्यायलाच नको होती.

२० मार्च
दिवसभर गॅलरीत. माझी खुर्ची इथे मावत नाही, स्टुलावर बसलो. दोनदा खाकरलो. सूनबाई दोनदा आली.

हिच्याकडे अपील केलं. म्हणाली, कोर्ट बंद आहे, मटार सोला. सोलले. मग सहज बोलावं तसं म्हणाली, दंतवैद्याची बायको दुपारी दवाखान्यात मदतीला जाते, तेवढा वेळ जुळ्यांपाशी कोणीतरी बसायला हवं. मी स्पष्ट सांगितलं, अध्यक्ष पोरं सांभाळत नसतो. ही म्हणाली, बरं.

संकल्प: त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही.

२२ मार्च, दुपार
खोलीची अधिकृत पाहणी. अध्यक्ष म्हणून कर्तव्य आहे. रोज करावी लागेल, असं दिसतं.

किल्ली मेव्हण्याकडे. त्याने विचारलं, दाजी, गाडीत मूल आहे का? नियम आहे. म्हटलं, दोन आहेत. त्याने वाकून पाहिलं आणि मग दार उघडलं. खुर्ची होती, मोठ्या माणसासाठी म्हणून ठेवलेली. माझीच. उशी नवी, लोकरीची, हिच्या विणीची.

डावीकडचं लगेच झोपलं. उजवीकडचं माझ्याकडे टक लावून पाहत होतं. त्याला तीन शाखा समजावून सांगितल्या. हेड ऑफिसपर्यंत आलो तेव्हा तेही झोपलं. बिल्डिंगमध्ये नीट ऐकून घेणारं पहिलंच.

मग घसा खवखवायला लागला. बराच वेळ दाबून धरला. शेवटी उठलो. गाडी मध्ये असल्याने दार अर्धंच उघडलं. पोट आत घेऊन, आडवा होऊन बाहेर पडलो, आणि फाटकाबाहेर जाऊन खाकरून आलो.