पंखवाल्यांना गडावर जागा नाही

नाहूर, १२ जुलै १९८८

प्रिय दशरथ,

तुझी ती पंखवाली जमात घाल चुलीत. मस्कतात बसून कॅसेट भरायला तुझं काय जातं रे? इकडे रविवारी चाळीतली सगळी पोरं राधाच्या बाबांची कॅसेट आली म्हणून धावत आली, टेपरेकॉर्डरला चिकटून बसली, आणि तू त्यांच्या डोक्यावर हे पाखरांचं लटांबर आणून बसवलंस. मी तुझी चौथी शिकलेली बहीण. साकीनाक्याच्या कारखान्यात दिवसभर स्विच जोडायचे आणि घरी येऊन भाकऱ्या थापता थापता तुमचा खेळ ऐकायचा. पण सातगड मला आता तुझ्यापेक्षा जास्त कळतो. चार वर्षं तो माझ्या चुलीशेजारी चाललाय.

कसा सुरू झाला ते तरी आठवतंय का? तुझ्या साहेबाची पोरं कसले ते वीस तोंडांचे फासे टाकून राक्षसांचा खेळ खेळायची. तो बघून सुट्टीला येताना तू तसले फासे आणलेस आणि राधासाठी आपल्या भाषेत सात गड रचलेस. ज्याने त्याने एकेक जमात घ्यायची. बुटक्यांनी विहिरी खणायच्या, रानव्यांनी औषधं आणायची, खाडीवाल्यांनी होड्या हाकायच्या. आणि नियम तूच घातलास की ज्या जमातीला जोर, तिला एक उणीव असलीच पाहिजे. बुटक्यांना उजेड सोसत नाही. रानव्यांना खोटं बोलता येत नाही. पोरं एकमेकांच्या उरावर बसली असतील, पण हा नियम कोणी मोडला नाही.

आता हे पंखवाले. काम काय त्यांना? काय नाय. उणीव? ती पण नाय. वर गडावरची चांगली माडी त्यांचीच, आणि प्रत्येक फाशाला तीन गुण जास्त. शेजारचा चंद्रप्रकाश नेहमी बुटका होतो, तो तोंडावर म्हणाला, आक्का, ही तर सरळ चीटिंग आहे ना! मी त्याच्यावर डोळे वटारले. तुझी लाज राखायला रे. किती वर्षं राखायची अजून?

आणि राजा तू. कायमचा मोहिमेवर. राणी आमची विमला. ती पोरांत बसून खेळते म्हणून शेजारणी फिदीफिदी हसतात, तुला कुठून ठाऊक असणार! तुझ्या कॅसेटीत घरासाठी शेवटी दोन वाक्यं असतात. गॅस आला का, राधाची फी भरली का, संपलं. बाकी सगळा सातगड. त्यातच राजा कधीतरी राणीला विचारतो, गडावर सगळं बरं आहे ना, तू जेवतेस ना वेळेवर. तेवढं ऐकायला ती बाई भांडी आवरून, पदर खोचून, पोरांत फतकल मारते. नवऱ्याचं बोलणं तिच्या वाट्याला तेवढंच येतं.

तर या खेपेला राजाला मोहिमेत जखम झाली म्हणे. पंखवाल्यांच्या राणीने त्याला सांभाळलं म्हणे. आणि आता गणपतीला राजा परत येणार, तो तिला आणि तिच्या दोन वर्षांच्या पोराला घेऊनच. जुन्या जमातींनी काही विचारायचं नाही. जुनी राणी रागावली तर सगळ्या गडाचे दहा गुण वजा. वा रे राजा! उणीव पंखवाल्यांना द्यायची सोडून आमच्या राणीच्या माथी मारलीस. तिला राग आला तर पोरं हरणार, म्हणजे तिने पोरांसाठी राग गिळायचा. एवढं डोकं शाळेत चालवलं असतंस तर मस्कतला जावं लागलं नसतं.

वर तू सांगितलंस, त्या पोराला पंख नाहीत, का ते नंतर कळेल. पोरं डोकं खाजवत बसली. राधा म्हणाली, मोठेपणी फुटत असतील. चंद्रप्रकाश म्हणाला, कोणीतरी छाटले असतील. माका काय डोकं खाजवूक लागला नाय. आई पंखवाली आणि पोर बिनपंखाचं, तर बाप कोण रे मेल्या? गेले दोन गणपती तू घरी आला नाहीस. सुट्टी मिळत नाही म्हणालास, आणि आम्ही मान डोलावली.

विमलाने ती जागा मागे फिरवून परत ऐकली. मग परत एकदा. मग म्हणाली, टाका फासे. त्यांना दरवाजावरची माडी द्या, पोर लहान आहे, वारा लागेल तर खिडकीला पडदा लावा. पोरांनी टाळ्या पिटल्या, दहा गुण वाचले म्हणून. ती उठून मोरीत गेली आणि धुतलेली कोलंबी पुन्हा धूत बसली. तिला काय कळलं आणि काय नाही, मी विचारलेलं नाही. विचारणार तरी कुठल्या तोंडाने, मी तुझी बहीण!

म्हणून हे कागदावर लिहितेय, कॅसेट सगळ्या घराला ऐकू जाते. तुला कडेवर घेऊन वाढवलं मी, पण असला भेकड निघशील असं वाटलं नव्हतं. पोरीच्या हातात फासा देऊन तिच्या आईला सवत कळवतोस? ऐक आता. विमलाच्या नावाने पत्र टाक. त्यात राजा नको, गड नको, पाखरं नकोत. ती बाई कोण, ते पोर तुझं आहे का, आणि या मायलेकींचं तू काय ठरवलंयस, सरळ लिही. माझा संशय खोटा असेल तर तसं लिही, मोठी असून तुझ्या पाया पडेन. खरा असेल तर गणपतीला दार उघडायचं की नाही, ते विमला ठरवील, आणि मी तिच्या बाजूने उभी असेन. नारळी पौर्णिमेच्या आत पत्र हातात पाहिजे. त्या दिवशी पोस्टमन तसाच पुढे गेला, तर रात्री मीच तिला समोर बसवून सगळं सांगेन. तेव्हा पौर्णिमेच्या आत, दशरथ. उत्तर दे.

अजून तरी तुझीच,
रुक्मिणीआक्का