तुळसाताई नुसती बसून होती, त्याबद्दल

महाड, शुक्रवार सकाळ

नाही मामा, तिने मला पाडलेलं नाही, आणि हे मी तुला चौथ्यांदा सांगतेय! पहिल्या तीन वेळा फोनवर सांगितलं. तिन्ही वेळा तू मध्येच "अगं पण सेजल" म्हणालास, फोन मामीकडे दिलास आणि मामी रडली. म्हणून आता कागदावर. कागदात तुला "अगं पण" घुसवता येणार नाही. सहदेवदादाची इको गाडी आज सकाळीच मुंबईला निघतेय, त्याच्या हातून पाठवतेय. तू हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो तुमच्याकडे चहा घेणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. (सहदेवदादा चहाशिवाय किती वेळ तग धरतो ते तुला माहीत आहे. तेव्हा भरभर वाच.)

हां, आता रीतीचं. तीर्थरूप मामास भाचीचा नमस्कार. मी इथे मजेत आहे, तुम्ही भांडुपला मजेत असाल असं समजते. मामीचं बीपी कसं आहे? तुझा गुडघा? आई सांगत होती की वाकता येत नाही म्हणून मोजे मामी घालून देते, चष्मा मामी शोधते, गोळी मामी हातावर ठेवते, आणि गोळी घेतलीस का हेसुद्धा मामीच लक्षात ठेवते. मामीला कुणी मदतनीस म्हणत नाही आणि तुला कुणी परावलंबी म्हणत नाही. त्याला संसार म्हणतात. माझ्याकडे हेच काम एक बाई ठरलेल्या वेळेत येऊन करते, तर तिच्यावर तिकडे गावी अख्ख्या वाडीची बैठक बसते.

तुझा हुकूम मला पोचला तो असा: तुळसाताईला काढ, खोली सोड, मामा शनिवारी वाडीवर येईल, रविवारी पोलादपूरहून टेम्पो करून महाडला उतरेल आणि सामान व सेजल दोन्ही भरून वर नेईल. हे तू आईला सांगितलंस, घरमालक हैबतीकाकांना सांगितलंस (खोलीचा करार तुझ्या नावावर, त्यामुळे त्यांनी लगेच मान हलवली), टेम्पोवाल्याला सांगितलंस. मला ते टेम्पोवाल्याकडून कळलं. त्याने फोन करून विचारलं, मॅडम, खुर्ची घडीची आहे का.

आता तुळसाताई कोण ते नीट ऐक, कारण तू तिला फक्त रावजीबाबांच्या तोंडून ओळखतोस. ती दासगावची, पन्नाशीची, आधी एमआयडीसीत बाटल्यांना लेबलं लावायची. आमची संस्था माझ्यासारख्यांना आपापल्या खोलीत, आपापल्या पद्धतीने राहता यावं म्हणून माणसं देते, त्यांनी तिला माझ्याकडे दिलं. सकाळी अडीच तास, संध्याकाळी दोन. मला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत यायला, आंघोळीला आणि उंबऱ्यावरून चाकं उतरवायला माणूस लागतो. बाकी लॅबचा काउंटर, तिथले पेशंट आणि तिथली भांडणं मी एकटी सांभाळते.

पहिले दोन महिने तिने मला लोणच्यासारखं जपलं. भाजीवाला मला विचारी, कोथिंबीर देऊ? आणि ती सांगे, तिला नाय आवडत. मला आवडते. मी दोन महिने कोथिंबिरीशिवाय काढले. लॅबचा फोन आला तर उचलून सांगे, ती जेवतेय, मंग करा. वेणी इतकी घट्ट घाली की माझ्या भुवया संध्याकाळपर्यंत आश्चर्यचकित असायच्या. तू तेव्हा आला असतास ना, तर म्हणाला असतास, काय सोन्यासारखी बाई मिळालीय.

मग संस्थेने तिला तीन दिवस पेणला ट्रेनिंगला नेलं आणि घात झाला. तिथे सगळ्या मदतनिसांना आपापल्या तळहातांवर बसवलं. खरोखरच, हात मांडीखाली घेऊन. समोर एक माणूस एका हाताने शर्टाची बटणं लावतोय आणि ह्यांनी नुसतं बघायचं. तुळसाताई म्हणते, तिसऱ्या बटणाला तिला घाम फुटला आणि पाचव्याला रडू. शेवटी दिसलं की त्याने पहिलंच बटण चुकवलेलं, एक बाजू वर, एक खाली. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, आता तुम्ही काय कराल? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, काढून परत लावू. चूक! बरोबर उत्तर: काही नाही. शर्ट त्याचा.

सोमवारी परत आली ती वेगळीच बाई. स्टुलावर बसली, हात मांडीखाली घातले आणि म्हणाली, "बोल, काय करू?" चहा म्हटलं, तर साखर किती. दीड चमचा म्हटलं, तर आधी का नंतर. मंगळवारी मी ड्रेस उलटा घालून लॅबला गेले. दिवसभर लोक रक्त द्यायला आले आणि माझ्या शिवणी बघून गेले. संध्याकाळी मी तिला विचारलं, ताई, तुला सकाळी दिसलं नाही? "दिसला की. पण ड्रेस तुझा."

मी संस्थेच्या रूपालीमॅडमना फोन केला. त्यांनी तिला परत समजावलं, की ठरवायचं नाही पण कळवायचं. झालं! तेव्हापासून ती आकाशवाणीसारखी कळवते. "दूध वर येतंय. कळवलं." मी ओरडले, अगं मग गॅस बंद कर! तोवर दूध ओट्यावरून खाली. "आत्ता सांगितलंस," म्हणाली, आणि शांतपणे विचारलं की फडकं कुठलं घेऊ.

तू हसलास ना? मग आता हेही वाच. त्याच आठवड्यात तिने विचारलं, आज जेवायला काय करायचं? आणि मला सांगता येईना. सव्वीस वर्षांची झाले मामा, मला काय खावंसं वाटतं ते मलाच माहीत नव्हतं. वाडीवर ताट समोर यायचं, गरम, भरलेलं, मायेचं. वाडीवर सगळं मिळतं. फक्त कुणी विचारत नाही. मला उचलतात, आणि कुठे चाललोय ते उचलल्यावर कळतं. आठवतं, त्या वर्षी मी म्हटलं मला अंगणात ऊन खायला बसवा, तर तुझ्या पोरांनी उचललं आणि थेट खालच्या आळीत हळदीला नेऊन बसवलं? गाऊनवर. नवरीच्या शेजारी. फोटोत आहे मी.

आता रावजीबाबांचं. तुझे चुलते म्हणून मला त्यांचा मान आहे, म्हणून जे झालं तेवढंच सांगते.

ते गेल्या गुरुवारी सकाळी पिशवीभर कडवे वाल घेऊन आले. दार उघडंच होतं. आत मी जमिनीवर होते आणि तुळसाताई स्टुलावर बसून बिरडं सोलत होती, हे खरं. पण मी पडले नव्हते, उतरले होते. रोज कामावर जायच्या आधी मी मुद्दाम जमिनीवर उतरते आणि एकटीने खुर्चीत परत चढायला बघते. तू दर फोनला विचारतोस ना, एकटी असताना पडलीस तर काय करशील? तोच प्रश्न मी जमिनीवर बसून सोडवत होते. तुळसाताईला मी बजावलं होतं, काही झालं तरी हात लावायचा नाही. (बिरडं सोलायला तिला मीच दिलं होतं, कारण हात मोकळे असले की तिचे शिवशिवतात.) एकवीस दिवस मला जमलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कोपर खुर्चीवर टेकलं होतं, कंबर उचलली गेली होती, मी अर्धी वर होते. तेवढ्यात दारातून आवाज, "अरं देवा, पोरीला मारलीन गो!" पिशवी खाली, वाल घरभर, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने मला काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीत आपटलं.

मी खुर्चीत बसले. ते मात्र तसेच राहिले, वाकलेले. माझे एकवीस दिवस आणि त्यांची कंबर, दोन्ही एकदमच गेली.

इथपर्यंतचं त्यांनी तुला सांगितलं असणार, कंबर वगळून. पुढचं सांगितलं नसणार.

तुळसाताई उठली, हात मागे बांधले आणि विचारलं, "बाबा, काय मदत लागंल? तुमी सांगाल तशी करीन."

"काय नको."

"बरं." आणि परत बिरडं.

ते माझ्या चाकाकडे बघत वाकलेल्या अवस्थेतच तिला झापायला लागले. पगार घेतेस आन् पोरीला लोळवतेस? लाज नाय वाटत? ती म्हणाली, पोरगी उतरली हाय, लोळली नाय, तुमच्या पाठीचा काय करायचा ता सांगा. "तू बोलूच नको." "बरं." मामा, हे पाऊण तास चाललं. मी मध्ये पडू का, असं मी त्यांना दोनदा विचारलं, तर म्हणाले तू बस, तुला बरं नाय. मला बरं नाही! लॅबला उशीर होत होता, पण खुर्चीच्या वाटेतच रावजीबाबा वाकलेले, मी जाते कशी?

शेवटी खालून बारीक आवाज आला. "बाय... ता स्टूल सरकव गो जरा."

"कुठं? डावीकडं का उजवीकडं?"

"...उजवीकडं."

"हात देऊ?"

"दे."

"कुठला?"

मी तोंडात ओढणी कोंबली. पण खरं सांगते, त्यानंतर ते एक एक सांगत गेले आणि ती तेवढंच करत गेली. इथं धर. ओढू नको. थांब. आता दाब. अजून खाली. दहा मिनिटांत ते स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, घरी सून इचारत नाय, सरळ खेचते. मग वाल वेचायला लागले, बसल्या बसल्या, काठीने ओढून. तुळसाताईने एकही उचलला नाही. त्यांनी सांगितलंच नव्हतं.

तर असं आहे सगळं. तिला काढायचं असेल तर ह्यासाठी काढ, की ती मला कोथिंबीर आणायला लावते आणि निवडायलाही मलाच लावते. मी पडले म्हणून काढू नकोस. आणि ह्या मंगळवारी मी चढले. एकटी. जमिनीवरून खुर्चीत, सहा मिनिटांत. वर बसून मागे बघितलं तर तुळसाताई हातांवर बसलेली, आणि हातांना इतक्या मुंग्या आलेल्या की तिला टाळ्या वाजवता येईनात. मग नुसतीच रडली. कारण विचारलं तर म्हणाली, हा माझा निर्णय हाय, तू इचारू नको.

मामीला नमस्कार, पोरांना सांग हळदीचं मी विसरलेले नाही.

तुझी भाची,
सेजल

ता.क. हैबतीकाकांना परत फोन करू नकोस. काल खोलीचा नवा करार झाला, माझ्या नावावर. आधी ते म्हणाले, मामाला विचारून ये. मी तुळसाताईकडे बघितलं, की ही काहीतरी बोलेल. ती छताचा पंखा बघत होती. शेवटी मलाच बोलावं लागलं, आणि बोलता येतं असं निघालं. साक्षीदार दोन लागतात. पहिली तुळसाताई. दुसरे रावजीबाबा. (कंबरेचं औषध घ्यायला काल महाडला आले होते. सही करताना तुझं नाव घेऊन म्हणाले, सुनीलला एवढ्यात सांगू नको. म्हणून एवढ्यात नाही, ता.क. मध्ये सांगितलं.)

ता.क. दुसरं. टेम्पो रद्द करू नकोस, हात जोडते. खरं पत्र ह्यासाठीच आहे. येताना तो वाडीवरून रिकामाच उतरणार ना? त्यात माझा पलंग घालून आण. चांगू सुताराकडून माझ्या बाबांनी करून घेतलेला, माझ्या खुर्चीच्या बरोब्बर उंचीचा. इथला फार खाली आहे, जमिनीवरून चढण्याइतकी झटापट केल्याशिवाय मला स्वतःहून खुर्चीत सरकता येत नाही. तो आला तर सकाळचं तेवढं काम तुळसाताईला उरणार नाही. आई त्यावर रोज चादर बदलते, मी कधीतरी येईन म्हणून. तिला तूच सांग. हे मात्र मला जमणार नाही, मामा. ही मदत मी मागतेय.

ता.क. तिसरं. पलंग उतरवायला रविवारी मी घरी नसेन. किल्ली हैबतीकाकांकडे. तुळसाताईची सुट्टी असते, तिने दासगावला मासे खायला बोलावलंय, मग सावित्री नदीत होडी. सांगून ठेवलंय तिने, सुट्टीच्या दिवशी मी कामावर नाय, तवा इचारणार बिचारणार नाय, सरळ उचलून होडीत घालणार. मी हो म्हटलंय. भिंतीकडचा कोपरा रिकामा केलाय, पलंग तिथे लाव, उशी खिडकीच्या बाजूला. सहदेवदादा बाहेर हॉर्न वाजवतोय, माझी रिक्षाही आली, आणि काउंटरवर असताना मी कुणाचाच फोन घेत नाही. निघाले.