यंदाचा काचेतला फोटो

४ मार्च
कॅमेरा घरीच ठेवला! बॅगेत कपडे, छत्री, चार्जर. बस्स. निघताना बाबा स्टुडिओच्या दारात. "फोटो काढायला निघालीस की सहलीला?" म्हटलं, फोटो काढायलाच. फोनवर. तोंड वाकडं झालं. "मग यंदा काचेत जुनाच राहू दे."

स्टुडिओच्या दर्शनी काचेत वर्षभर एकच मोठा फोटो असतो. एप्रिलच्या पहिल्या दिवशी बदलतो. निवड बाबांची, त्यात कुणी नाक खुपसायचं नाही. हल्ली ते गल्ल्यावर बसतात, फोटो मी काढते, आणि तीन वर्षं काचेत माझाच लागतोय. यंदा फोनवरचा लावून दाखवते. नाही लागला तर बाबांचं नाव लावणार नाही!

५ मार्च
बंदरावर पोचले. कॅमेरा दिसला की लोक आधी केस सारखे करतात, मग पोट आत घेतात. फोनकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. होडी रंगवणारा म्हणाला, "घरच्यांना दाखवताय का?" हो म्हटलं. तो रंगवत राहिला, मी काढत राहिले.

शंभर काढले, नव्वद टाकाऊ. उरलेले दहा – वा!

६ मार्च
सकाळचे सगळे फोटो धुरकट! फोनला यथेच्छ शिव्या घातल्या. मग कळलं, भिंगावर माझंच क्रीमचं बोट. रुमालाने पुसलं. इतकी वर्षं लोकांना भिंगं पुसायला शिकवते मी. बरं झालं बाबा इथे नव्हते.

७ मार्च
आज मिळाला. मिळालाच!

जाळी दुरुस्त करणारी एक बाई, माझ्याकडे पाठ, समोर पाण्यावरचं ऊन. फोनवर झूम केलं की चित्राचा पार चोथा होतो, म्हणून पायांनीच जवळ जायचं. गेले, अगदी तिच्या खांद्याशी, जाळ्यात चालणारा तिचा हात दिसेपर्यंत. ती न वळताच म्हणाली, "माझ्या पाठीत काय गं एवढं बघण्यासारखं?" म्हटलं, मावशी, हलू नका. "मी कुठे हलतेय? काम पडलंय." कॅमेरा घेऊन इतक्या जवळ गेले असते तर हाकलूनच दिलं असतं तिने.

९ मार्च
घरी फोन केला. आईला म्हटलं, बाबांना फोटो पाठवू? "नको गं. फोनवर ते काही बघत नाहीत." मानी माणूस!

१२ मार्च
घरी परतले. पाच फोटो मोठे छापून गल्ल्यावर मांडले. बाबांनी एकेक हातात घेतला, कागदावरून बोट फिरवलं. मग नेहमीचा प्रश्न – "तुला कुठला आवडला?" हा त्यांचा खाक्याच. आधी माझ्याकडून वदवून घेतात, म्हणजे माझी नजर तयार होते. मी जाळीवाल्या बाईवर बोट ठेवलं.

मग म्हणाले, "फोनचा असला तरी हाच लाव. काय डोळे आहेत बाईचे! बोलतायत."

लागणार! जिंकले! आनंदाच्या भरात त्यांना मिठीच मारली.

डोळे कुठले पण? पाठ आहे तिची. चेष्टा करत असतील.

१३ मार्च
आईला हसत हसत डोळ्यांचं सांगितलं. ती हसली नाही. हातातलं भांडं खाली ठेवलं. "तीन वर्षं झाली गं. समोरचं नीट दिसत नाही त्यांना, कडेचं तेवढं दिसतं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय."

खूप रडले. मग तोंड धुऊन स्टुडिओत गेले. फोन बाबांच्या हातात दिला, दोन बोटांनी बाईचा हात पडदाभर मोठा केला. त्यांनी मान तिरकी केली, फोन नाकाशी नेला. किती तरी वेळ.

"सुई आहे हातात. लाकडी."

मग म्हणाले, "आता तुझे बाकीचे दाखव. तीन वर्षांचे."