कुंडीतला सुरू

सर, मी तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तो भांडायच्या तयारीनं. पुण्याचं कॉलेज अर्ध्यात टाकून, ट्रंक घेऊन कर्जत स्टेशनवर उतरलो आणि घरी न जाता थेट तुमच्या परसात. तुम्ही शाळेत मला विज्ञान शिकवलेलं, तरी बोललो. तुमच्या मुलीशी लग्न करायचंय, म्हटलं. तुम्ही धुण्याच्या दगडावर एक पसरट कुंडी ठेवून बसला होतात. त्यात वीतभर उंचीचं सुरूचं झाड, बुंधा मात्र एखाद्या म्हाताऱ्यासारखा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आधी ही फांदी धर." मी धरली. ट्रंक तशीच दारात राहिली, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही.

मग दर रविवारी यायला लागलो. होकार मिळवायचा तर हेच, असं मीच ठरवून टाकलं होतं. आई म्हणायची, "काय रं, कालेज सोडलंस आन् आता मास्तराच्या कुंड्यांना पानी घालतोस? तेवढंच होतं तर आपल्या शेतात पानी काय कमी हाय?" मी ताट सरकवून उठायचो. चौक गावच्या गॅरेजातून जळक्या मोटारीची तांब्याची तार आणायची, चुलीत लाल करून मऊ करायची, ती फांदीवर तिरकी गुंडाळायची, म्हणजे फांदी वाकवू तशी राहते. तुम्ही सांगायचात, हे मूळ ऑस्ट्रेलियाकडचं झाड, आपल्या किनाऱ्यावर आलं आणि माडाच्या वर गेलं; त्याला कुंडीत राहा म्हणायचं तर त्याची समजूत काढावी लागते. शेंड्याला थोडं हिरवं ठेवूनच छाटायचं, सगळं हिरवं काढलं तर फांदी मागे मरत जाते. वैशाखात कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची, एक दिवस जरी पाणी तुटलं तरी खेळ खलास. मी ऐकत असायचो, पण कान आतल्या खोलीकडे. तुमची मुलगी तिथे बी.एस्सी.चा अभ्यास करत असायची. पानं उलटल्याचासुद्धा आवाज मला यायचा.

आणि तो रविवार. शेजारच्या काकूंनी फाटकातच सांगितलं, पनवेलचं स्थळ येतंय म्हणून. डोकं फिरलं माझं. तुम्ही महिनाभर रोज थोडी थोडी वाकवत आणलेली खालची फांदी मी हातात घेतली आणि एका झटक्यात पार खाली आणली. कर्रकन आवाज झाला. बुंध्यापाशी पांढरं लाकूड उघडं पडलं. मला वाटलं, आता तुम्ही हाकलून देणार. तुम्ही फांदी हळूच जागेवर बसवलीत, ओली सुतळी गुंडाळलीत, वरून जुन्या धोतराची चिंधी. मग गाठ मारता मारता म्हणालात, "तिला विचारलंस का रे?"

"कुणाला?"

"माझ्या मुलीला. मला विचारून तुला तीन महिने झाले."

सर, खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे बापाला विचारतात, तेही चार वडीलधारे घेऊन. मी एकटा येऊन विचारलं, यातच मी स्वतःला मोठा शूर समजत होतो.

ती ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली आहे. मी समोर उभा, हाताला अजून सुरूच्या सालीचा चुरा. विचारतो. ती दाणा सोलून पातेल्यात टाकते आणि म्हणते, "कॉलेज सोडलंस ते मला विचारून सोडलंस?"

"नाही."

"मग ते माझ्या नावावर कशाला खपवतोस? मला पुढे शिकायचंय. पनवेलवाल्यांनाही तेच सांगणार आहे." आवाज खाली आणून म्हणते, "तू वाईट नाहीस रे. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तुझा राग उतरायची वाट बघायची. जन्मभर कोण बघणार? बस आता, सोलू लाग." मी बसलो. पातेलं भरेपर्यंत आम्ही दोघं वाल सोलत होतो. मग घरी गेलो आणि भाताच्या पेंढ्यांच्या उडवीमागे बसून रडलो.

पुढच्या रविवारी येणार नव्हतो. पण फांदी जगली की नाही, हे कळल्याशिवाय चैन पडेना. ती जगली होती. चिंधीपलीकडचा शेंडा हिरवा होता. तुम्ही म्हणालात, "चहा घेणार?" एवढंच.

ती पुण्याला शिकायला गेली, तिथेच तिनं लग्न केलं. मी चौकला रस्त्याकडेला रोपवाटिका टाकली. आणि रविवार चालूच राहिले. मी आलो की तुम्ही आधी तिची खुशाली सांगायचात. तिची नोकरी, तिचं बाळंतपण, तिच्या मुलाचा गोवर. माझ्या तोंडाकडे न बघता, अगदी जपून, जखमेला हात लावल्यासारखं. ते सांगून झालं की मग कात्री बाहेर यायची. शेवटच्या दुखण्यात तुम्ही कुंडी माझ्याकडे दिलीत, तेव्हाही म्हणालात, "तिची आठवण म्हणून ठेव."

गेल्या महिन्यात ती रोपवाटिकेत आली होती. केस पांढरे व्हायला लागलेत. बराच वेळ झाडापाशी उभी राहिली, मग म्हणाली, "बाबांचं झाड मला देशील?" मी नाही म्हणालो. तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सुरू टिकणार नाही, पाणी तुटेल, असं काहीतरी बोललो. तिनं माझ्याकडे जरा हळवं होऊन पाहिलं. तिलाही तेच वाटलं असणार, जे तुम्हाला इतकी वर्षं वाटत होतं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्यापाशी एकदा बोलायला हवं होतं. ती पुण्याला गेल्यावर वर्षभरात माझं मन तिच्यावरून उठलं होतं, सर. तिची खुशाली मी तुमचा मान राखायला ऐकून घ्यायचो. रविवारी मी यायचो तो तुमच्याकडे.