धाकटा क्रोलिक

भिलाई, सेक्टर एक
ता. १७ जानेवारी १९६०

गिरजाबाईले धाकट्या बहिणीचा, पंचफुलाचा जय भीम.

मी खुशाल आहो, हेही खुशाल आहेत. तुही मिल, तुहा खोकला, अंगणातला शेवगा, साऱ्याईचं कळव. माहं काम एवढंच का तुहं एखादं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं पाठव. नवं बिलकुल नको. सशांले पाहिजे.

वाचून कपाळाले हात लावला असशीन. मागच्या पत्रात तूच लिहिलं होतं, "ते उंदीर सोड अन् नागपूरले निघून ये." अवं बाई, उंदीर नाईत ते!

मागच्या उन्हाळ्यात माहं पोटातलं गेलं, तेव्हा मी कारखान्याच्या कॅम्पात टिनाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली राहे. तू पाह्यलंच. तू गेली अन् चार दिवसांनी हे शर्टात काहीतरी गुंडाळून आले. एका रशियन साहेबाच्या बंगल्यामागं स्वैपाक्या दोन ससे कापाले बसला होता. ह्यांनी हात जोडले, तं मडम हसली अन् दोन्ही देऊन टाकले. एकावर बोट ठेवून म्हणे, "क्रोलिक." दुसऱ्यावर बोट ठेवलं तरी "क्रोलिक." हे म्हणाले, "असंन बुवा, आपल्या गल्लीत नाई का तीन-तीन बळीराम?" मंग एक थोरला क्रोलिक अन् एक धाकटा. पुढं यार्डात दुभाष्या भेटला तेव्हा समजलं का त्यांच्या भाषेत सशालेच क्रोलिक म्हणतात. म्हणजे आमी सशाचं नाव ससा ठेवलं होतं! तो दुभाष्या हसून हसून खाली बसला म्हणे.

पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बाई, तू कधी ससा जवळून पाह्यला का? आवाजच नाई त्याले. राग आला का मागचा पाय जमिनीवर आपटते, बस. नाक मात्र झोपेतही हालते. कावून हालत असंन? मी उठून पाहाले लागली ती हेच पाहाले. पाह्यता पाह्यता भाकरी थापाले लागली.

मंग क्वार्टर मिळालं. सामान बैलगाडीवर, अन् सशांची टोपली माह्या मांडीवर. हे गाडीवाल्याले सांगत होते, "लोकाईच्या बायका पेटी सांभाळतात, माही टोपली सांभाळते." इथं घरात नळ आहे, सिमेंटची जमीन आहे. थोरल्यानं पाय आपटला का शेजारी ऐकू जाते.

शेजारीण उतई गावची आहे, म्हणून सारे तिले उतईहिनच म्हणतात. थंडी पडली अन् धाकट्यानं आपल्याच छातीचे केस उपटून कोपऱ्यात ढीग लावाले सुरुवात केली. मले वाटलं, कातडीचा रोग झाला, मरते आता हा. मी तेलाची वाटी घेऊन धावली, तं उतईहिननं हात धरला. "झन छू बहिनी, पिला देही येहा." हात नको लावू, पिल्लं होतीन हिले!

हे ड्यूटीवरून आले तं मी सांगितलं, "धाकटा बाळंत झाला." एक बूट हातात घेऊन उभेच राह्यले ते.

बोटाएवढी, लाल, उघडी पिल्लं, अन् वर आईच्या केसांचं पांघरूण. बाई, हे तिले कोणं शिकवलं? माय नाई, बहीण नाई, मुलूख कोणता तेही मालूम नाई. मी रोज तिच्याजवळ बसून हेच इचारते. ती माह्याकडं पाह्यते अन् नाक हालवते.

मी मनात धरलं होतं का ह्या पिल्लांचे डोळे उघडतीन, तवाच तुले लिहीन. ह्यांनी ओळखलंच. "दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, अन् आता सशाले कौल लावून राहिली का?" मी म्हटलं, कौल नाई, वाट पाहून राहिली. तरी मले लाज वाटली बाई, खोटं कायले बोलू. एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी गेलं. मी लई रडली, दोन दिवस भाकरी कडू लागली. बाकीच्याईचे डोळे काल उघडले.

म्हणून आज लिहून राहिली.

मले सहावा लागला. मागच्या साली पाचव्यातच गेलं होतं, म्हणून मी कोणालेच सांगितलं नाई, तुलेही नाई. रागावू नको. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, अन् माय गेल्यापासून माहं माहेर म्हणजे तूच. मी येईन. पण क्रोलिकच्या टोपलीसंगं येईन, आधीच सांगून ठेवते. गाडीत टोपली घेऊ देत नसतीन, तं मिलमधून सुट्टी काढून तूच इकडं ये.

अन् ते लुगडं सशांसाठी नाई मागितलं. पिल्लांवर पांघराले तिच्याजवळ तिचे केस आहेत. माह्याजवळ तू आहे.

लुगड्याची, अन् लुगडं घेऊन येणारीची वाट पाह्यणारी,
पंचफुला