पाठ फिरवून काम करणारा फिटर

४ डिसें., बुध.
बाहेरून इथे फोरमन म्हणून येऊन दहा दिवस. जिनिंग कारखान्यात कापूस मावत नाही, खामगावात थंडी. माझ्या पाळीत नऊ माणसं. आठ ऐकतात. शालिकभाऊ, आमचे सगळ्यांत जुने फिटर, ऐकत नाहीत. हाक मारली तरी पाठ फिरवून काम चालूच. फोरमनची जागा त्यांना मिळेल असं सगळे धरून होते. तेही असणार.

५ डिसें.
तीनदा हाक मारली. ढिम्म. शेवटी सगळ्यांसमोर ओरडलो, "आयकायचं नसन त घरी बसा." ते पुन्हा कामाकडे वळले. नंतर पाळीभर कोणी बोललं नाही. वाटलं, वचक बसला.

७ डिसें., शनि.
तीन नंबर मशीनचा रोलर अडकला. मशीन बंद करून शालिकभाऊ आत हात घालून रुई काढत होते. मी ओरडलो, "चालू करतो, हात काढा." आणि न बघता बटनाकडे गेलो. मशीनवर कापूस टाकणाऱ्या सुमनबाईंनी धावत येऊन माझं मनगट धरलं. शालिकभाऊंचा हात कोपरापर्यंत आतच होता. आजूबाजूच्या मशिनी चालू, त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं.
सुमनबाईंना बाजूला घेऊन विचारलं.
"दोन वर्सं झाले. उजव्या कानानं काईच येत नाही त्याईले. डाव्यानं बी कमीच."
"मले काऊन नाही सांगतलं?"
"तुमी आयकता का कोनाचं? अन् शेठले समजलं त काढून टाकतीन."
आठही जणांना ठाऊक. फक्त मला नाही. हेच जास्त लागलं.

८ डिसें.
सुटी. शालिकभाऊंच्या घरी जायला निघालो, कोपऱ्यावरून परत आलो. बोललो चारचौघांत, माफी मात्र घरात जाऊन, गुपचूप? नाही. उद्या तिथेच.

९ डिसें., सोम.
मशिनी सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून सांगितलं. "त्या दिवशी बोललो ते चुकलं. शनिवारी त तुमचा हातच जात होता माझ्यापायी."
शालिकभाऊ म्हणाले, "तुले समजलं त तू शेठले सांगशीन, असं वाटे. म्हून पाठ करून राहो."
आजपासून मशीन बंद करेल तोच चालू करेल. दुसऱ्या कोणी बटनाला हात लावायचा नाही. मीसुद्धा.

११ डिसें.
शालिकभाऊंना विचारून मगच शेठकडे गेलो. सगळं सांगितलं.
"बहिरा फिटर ठेवला अन् उद्या काई झालं त?"
म्हणालो, शनिवारची चूक फिटरची नाही, माझी. तसं लिहूनही दिलं. माझी जागा जाईल कदाचित. जाऊ दे.
शेठ म्हणाले, कानाची तपासणी करून आणा, मग बघू. तोवर शालिकभाऊ चालू मशीनजवळ नाही, दुरुस्तीच्या टेबलावर.

१३ डिसें., शुक्र.
तपासणी उद्या, अकोल्याला. मी सोबत जाणार, पाळी सुमनबाई बघतील.
सुटी झाल्यावर शालिकभाऊ फाटकाशी थांबले होते.
"डाक्टरनं नाही म्हटलं त?"
"त शेठकडे पुन्हा जाऊ. दोघंबी."
त्यांनी डावा कान पुढे केला. ऐकू गेलं नसावं. जवळ गेलो, पुन्हा सांगितलं.