बर्फाची पिंड आणि एक किल्ली

१२ फेब्रुवारी, गुरुवार
काय झालं ते:
१. महाशिवरात्रीला गल्लीच्या मंडळाने बर्फाची पिंड करायचं ठरवलं.
२. मी म्हणाले, बंद काचपेटीत ठेवली तर सोमवारच्या महाप्रसादापर्यंत टिकेल. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.
३. मंडळाचे सुग्रीवकाका म्हणाले, "पोरी, हितं मानसं वितळायलेत."
४. आई सगळ्यांसमोर म्हणाली, टिकली तर दिवाळीपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही. वितळली तर पुढच्या रविवारी मुलगा बघायचा.
५. मी मान्य केलं.
६. मुलगा बसवेश. परळीतच त्यांचा बर्फाचा कारखाना आहे. लादी तिथूनच येणार. याचा कशाशी संबंध नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पेटी तयार. दुहेरी काच, खाली-वर थर्माकोल, झाकणाला रबरी पट्टी. आतलं बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. थोडी उष्णता शिरेल, ती हिशोबात धरली आहे.
आपल्या गावात पिंडीला हात लावून दर्शन घ्यायची सवय. म्हणून कुलूप. शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या, "देवाला कुलूप कावून गं? पळून चाललाय का त्यो?" किल्ली माझ्याच गळ्यात.
लादी बसवेशने स्वतः आणली, पिंडही त्यानेच कोरली. हात लालभडक झाले होते. हातमोजे वापरत नाही. निष्काळजी.
आईला हिशोब दाखवला. तिने चष्मा लावून कागद नीट पाहिला. मग फोन घेऊन आत गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र
सकाळी बसवेश बघायला आला, म्हणून झाकण उघडून आतल्या थर्मामीटरचं रीडिंग दाखवलं. शून्य.
दुपारी भगरीचा डबा घेऊन पुन्हा आला. झाकण उघडलं. शून्य. त्याने विचारलं, वितळताना तापमान वाढत कसं नाही? समजावून सांगितलं. उष्णता आत शिरतच असते, पण ती सगळी रूप बदलण्यात खर्च होते. काटा हलत नाही. बाहेरून वाटतं, काहीच घडत नाही.
पाऊण तास लागला. झाकण उघडंच राहिलं, पण मुद्दा अर्धवट सोडणं बरोबर नव्हतं. तो म्हणाला, "लई सोपं करून सांगता तुमी." मला काही वाटलं नाही. मी स्थिर आहे.
संध्याकाळी तो आला नाही. तरी झाकण उघडून पाहिलं. रस्ताही पाहिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी पिंड नारळाएवढी. दुपारी लिंबाएवढी. पंगत बसली तेव्हा पेटीत पाणी आणि एक बेलाचं पान. वस्तुमान मात्र तेवढंच आहे, पेटी एक थेंब गळली नाही. हे कुणी लक्षात घेत नाही. सुभद्राबाईंनी ते पाणी तीर्थ म्हणून वाटून टाकलं.
कारणं: हॅलोजनचा दिवा. आरतीची गर्दी. सुग्रीवकाकांनी काचेला टेकवलेला कोपर.
बसवेश पंगतीत वाढत होता. म्हणाला, "पेटी एक नंबर हाय. किल्ली कोनाकडं होती?" अनावश्यक प्रश्न.
हरले. शब्द म्हणजे शब्द, रविवारी बसावं लागेल. मोरपंखी साडी इस्त्रीला टाकली. ती तशीही टाकायचीच होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आईला विचारलं, रविवारी किती वाजता येणार आहेत? आई म्हणाली, कोण?
मग म्हणाली, "तू येवढा हिशोब दावलास. मी म्हणलं, लेकीची पिंड टिकतीच. शनिवारीच फोन करून न्हाई म्हणले त्येंला."
आईने माझ्या गणितावर आजवर कधी विश्वास ठेवला नव्हता. नेमका याच वेळी ठेवला.
म्हणजे रविवारी तो आला तेव्हा नकार त्याला कळलेला होता. भगर घेऊन आला तेव्हाही. काल वाढत होता तेव्हाही.
साडी कपाटात ठेवली. दोन तासांनी बसवेशला मेसेज केला. नोंद असावी म्हणून इथे उतरवते:
"पेटीची चाचणी पुन्हा घ्यायची आहे. एक लादी लागेल. रविवारी तुम्ही स्वतः घेऊन याल का? या वेळी किल्ली तुमच्याकडे ठेवा. शुक्रवारपर्यंत कळवा."